पहिला संगणक नेमका कोणता? आणि ‘स्टोअर्ड प्रोग्रॅम’चं एवढं महत्त्व का?

अवनी_वाचतेय

नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेसाठी संगणकाची मूलतत्त्वं वाचतेय. शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्यासाठी नवं आहे. पिढ्यांचा तक्ता तोंडपाठ झालाय: पहिली व्हॅक्यूम ट्यूबची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी आयसीची, चौथी मायक्रोप्रोसेसरची. इनपुट, प्रोसेस, आउटपुट हेही समजलं. अडतंय ते दोन ठिकाणी.

पहिला संगणक कोणता? एका पुस्तकाची सुरुवात अ‍ॅबॅकसपासून होते, दुसऱ्यात चार्ल्स बॅबेजला जनक म्हटलंय, तिसऱ्यात सरळ एनिअ‍ॅक. शोधायला गेले तर जर्मनीतलं झेड३, इंग्लंडमधलं कोलोसस, अमेरिकेतलंच एबीसी अशी आणखी नावं निघाली. सगळेच पहिले कसे?

दुसरं म्हणजे, ‘स्टोअर्ड प्रोग्रॅम संकल्पना, जॉन फॉन नॉयमन, १९४५’ ही ओळ सगळीकडे आहे आणि तिच्याखाली काहीच नाही. प्रोग्रॅम साठवायचा यात विशेष ते काय? साठवल्याशिवाय चालेल कसा? ही ओळ पाठ आहेच. मला ती समजून घ्यायची आहे.

उत्तरपत्रिका

ताई, परीक्षेपुरतं सांगतो. विशेषण बघायचं, उत्तर आपोआप ठरतं. ‘इलेक्ट्रॉनिक’ आणि ‘सर्वसाधारण कामांसाठी’ असं दोन्ही विचारलं तर एनिअ‍ॅक, १९४६. ‘स्टोअर्ड प्रोग्रॅम प्रथम चालवणारा’ म्हटलं तर मँचेस्टर बेबी, १९४८. ‘नियमित वापरात आलेला स्टोअर्ड प्रोग्रॅम संगणक’ म्हटलं तर एडसॅक, १९४९. व्यावसायिक विचारला तर पुस्तकं युनिव्हॅक १ लिहितात. तो मार्च १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना विभागाला मिळाला. पण त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, फेरांटी मार्क १ मँचेस्टर विद्यापीठात पोहोचला होता. पर्यायांत दोन्ही दिसले तर तारखा आठवा.

फर्मवेअरवाली

अवनी, तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे. वरचं उत्तर परीक्षेला पुरेल, पण तुम्हाला समजून घ्यायचंय म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते. माझं काम मायक्रोकंट्रोलरसाठी फर्मवेअर लिहिण्याचं. दिवसभर मेमरीतल्या पत्त्यांशीच गाठ, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे.

पिढ्यांचा तक्ता चुकीचा नाही, पण तो फक्त सुटे भाग मोजतो. ट्यूब गेली, ट्रान्झिस्टर आला, मग एका चिपवर पुष्कळ ट्रान्झिस्टर बसले. यंत्र लहान झालं, कमी तापू लागलं, स्वस्त झालं. हे सगळं खरं. मात्र यंत्र *चालतं कसं* यातला सर्वांत मोठा बदल पहिल्या पिढीच्या पोटातच होऊन गेला, आणि तक्त्यात त्याला रकानाच नाही. तुम्हाला अडतंय ते इथेच.

अ‍ॅबॅकस बाजूला ठेवूया. पुढची पायरी कोणती हे तिथे प्रत्येक वेळी माणूसच ठरवतो, मणी फक्त आकडा धरून ठेवतात. पायऱ्यांचा क्रम यंत्राकडे सोपवायचा विचार बॅबेजने केला. १८३७ च्या सुमाराला त्याने अ‍ॅनालिटिकल इंजिनाची रचना मांडली. त्यात आकडे ठेवायची जागा वेगळी, त्यांच्यावर क्रिया करायची जागा वेगळी. म्हणजे आजची मेमरी आणि आजचा प्रोसेसर. सूचना द्यायच्या पंच कार्डांवरून. जॅकार्डच्या मागावर नक्षी विणायला अशी कार्डं वापरत, तिथून ही कल्पना आली. या यंत्राकडून बर्नोली संख्या कशा काढून घ्यायच्या, हे एडा लव्हलेसने १८४३ मध्ये टप्प्याटप्प्याने लिहून ठेवलं. यंत्र पूर्ण बांधलं गेलं नाही, तरी विचार पक्का होता.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. आकडे यंत्राच्या आत, सूचना बाहेर कार्डांवर. पुढची शंभर वर्षं ही मांडणी तशीच राहिली. १९४१ मध्ये कॉनराड झूसेचं झेड३ सुरू झालं, ते पट्टीवर पाडलेली भोकं वाचून चालायचं. १९४४ चं हार्वर्ड मार्क १ सुद्धा कागदी पट्टीवरच. यात कुणाला अडचण वाटली नाही, कारण ही यंत्रं स्वतःच सावकाश होती. मार्क १ सेकंदाला तीन बेरजा करायचं. तेवढ्या वेळात पट्टी निवांत पुढे सरकते.

मग आलं एनिअ‍ॅक. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, ३० टन वजन, आणि सेकंदाला ५,००० बेरजा. विचार करा, सेकंदाला पाच हजार सूचना पुरवू शकेल अशी पट्टी आणायची कुठून? कागद फाटेल! एनिअ‍ॅकच्या रचनाकारांनी, म्हणजे मॉकली आणि एकर्ट यांनी, सूचना थेट तारांमध्येच बसवल्या.

हे जरा जवळून बघा. एनिअ‍ॅकमध्ये २० अ‍ॅक्युम्युलेटर होते, प्रत्येकात दहा अंकी दशमान संख्या मावायची. पहिल्यातली संख्या पाचव्यात मिळवायची असेल तर दोघांमध्ये केबल जोडायची, स्विच फिरवून ‘तू पाठव, तू घे’ असं ठरवायचं. क्रिया संपली की पहिला घटक विजेचा एक ठोका सोडणार. तो ठोका कुठे पोहोचवायचा, म्हणजे पुढची पायरी कोणती, तेही दुसऱ्या केबलने ठरायचं. केबलींचं हे जाळं हाच प्रोग्रॅम. तो कुठेही ‘लिहिलेला’ नसायचा. सहा तरुणींनी ही जुळणी केली: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांची नावं पाठ्यपुस्तकात असायलाच हवीत असं माझं ठाम मत आहे. यंत्राचे नुसते आराखडे बघून त्यांनी हे सगळं शिकून घेतलं.

तोफगोळ्याचा मार्ग एनिअ‍ॅक अर्ध्या मिनिटात काढायचं. पण दुसरं गणित लावायचं तर केबली उपसा, पुन्हा खोचा, तपासा. त्यात दिवसच्या दिवस जात. म्हणजे गणित करणं झटपट झालं आणि गणित *सांगणं* मागे पडलं.

यातून वाट निघाली ती अशी. बेरजेच्या वेगाने सूचना हव्यात ना? मग आकडे जिथे राहतात त्याच वेगवान मेमरीत सूचनाही ठेवा. त्यासाठी सूचनेला आकड्याचं रूप द्या: ठरावीक बिट (० किंवा १ हे अंक) म्हणजे ‘वजा कर’, उरलेले बिट म्हणजे ‘अमुक पत्त्यावरचं’. जून १९४५ मध्ये फॉन नॉयमनने एडव्हॅक या पुढच्या यंत्राबद्दल जो मसुदा लिहिला, त्यात हे पहिल्यांदा व्यवस्थित कागदावर आलं. तुमच्या पुस्तकातली ती ओळ म्हणजे हीच.

आणि ते प्रत्यक्षात उतरलं २१ जून १९४८ ला, मँचेस्टरमध्ये. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांचं ‘बेबी’. मेमरी किती? प्रत्येकी ३२ बिटांचे ३२ शब्द, आजच्या हिशोबात १२८ बाइट. प्रोग्रॅम १७ सूचनांचा. काम: २६२,१४४ चा (म्हणजे दोनचा अठरावा घात) स्वतःहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधणे. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक, १३१,०७२. निम्मंच तर करायचं. पण यंत्र २६२,१४३ पासून एकेक आकडा खाली उतरत, प्रत्येकाने भाग जातो का हे वजाबाक्या करून बघत गेलं. ५२ मिनिटं चाललं आणि बरोबर उत्तरावर थांबलं. सोपं पण लांबलचक काम मुद्दामच दिलं होतं, मेमरी इतका वेळ टिकते का ते बघायला.

ती मेमरी होती कॅथोड रे ट्यूबच्या पडद्यावर. विजेचा भार ठिपक्यांच्या रूपात साठवायचा. तो क्षणार्धात विरतो, म्हणून सतत वाचून पुन्हा लिहायचा. तुमच्या लॅपटॉपमधली डी-रॅम आजही हेच करते, तिच्यातला प्रत्येक बिट साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत ताजा करावा लागतो. वीज गेली की रॅम कोरी होते हे आपण पाठ करतो. वीज असतानाही ती सारखी पुसट होत असते, हे कुणी सांगत नाही.

एनिअ‍ॅकचा मोठेपणा मी कमी करत नाही. पण पहिला कोण असं मला विचाराल तर मी बेबीचं नाव घेईन. आज माझ्या टेबलावरची दोन रुपयांच्या नाण्याएवढी चिप ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व आधी तिथे चाललं.

रिले_आणि_पट्टी

छान लिहिलंय, पण दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

फॉन नॉयमनच्या मसुद्यावर एकट्याचंच नाव होतं. एकर्ट आणि मॉकली एनिअ‍ॅक बांधत असतानाच या दिशेने विचार करत होते; युद्धाच्या घाईत आराखडा बदलणं शक्य नव्हतं. मसुदा एनिअ‍ॅक प्रकल्पावरच्या लष्करी अधिकाऱ्याने, हर्मन गोल्डस्टाइनने, वाटला, सगळीकडे पोहोचला, आणि संकल्पनेला एकाच माणसाचं नाव चिकटलं. त्या दोघांना हे फार लागलं. शिवाय १९३६ मध्येच अ‍ॅलन ट्युरिंगने कागदावर असं एक यंत्र कल्पिलं होतं, की ज्याला दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन पट्टीवर लिहून दिलं तर ते त्याच्यासारखं वागेल. सूचना म्हणजे नुसती चिन्हंच, हा विचार तिथे आहे. त्यामुळे ‘फॉन नॉयमन, १९४५’ एवढंच लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरं कोलोससबद्दल. टॉमी फ्लॉवर्सने ते ब्लेचली पार्कमधल्या संकेतभंजकांसाठी बांधलं, १९४४ च्या सुरुवातीला कामाला लागलं, म्हणजे एनिअ‍ॅकच्या आधी. इलेक्ट्रॉनिक होतं, पण जर्मनांचे लॉरेन्झ संकेत फोडण्यासाठीच. १९७० च्या दशकापर्यंत ते गुप्त राहिलं, म्हणून जुन्या पुस्तकांत त्याचं नावच नाही. आणि एबीसी, म्हणजे अटानासॉफ आणि बेरी यांचं यंत्र, फक्त एकसामयिक समीकरणं सोडवण्यासाठी होतं. त्याचा उल्लेख वाढला तो १९७३ च्या न्यायालयीन निकालामुळे, ज्यात एनिअ‍ॅकचं पेटंट रद्द ठरलं. ‘पहिला’ या शब्दावर तिथे वकिलांनी वर्षानुवर्षं भांडण केलंय, पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत यात नवल नाही.

फर्मवेअरवाली

एकर्ट-मॉकलींबद्दल पूर्ण सहमत. आपल्याकडे या रचनेला सर्रास ‘फॉन नॉयमन आर्किटेक्चर’ म्हणतात, परीक्षेत तेच लिहावं लागेल. पण शिकवणाऱ्याने फॉन नॉयमन, एकर्ट, मॉकली, ट्युरिंग ही चार नावं सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अवनी_वाचतेय

बापरे, एवढं छान कुणी समजावलं नव्हतं. खूप आभार दोघांचे. एक शंका उरली. सूचनाही आकडा आणि आकडाही आकडा, दोन्ही शेजारी शेजारी एकाच मेमरीत. मग कुठला कोणता हे यंत्राला कळतं कसं? काही खूण असते का त्यावर?

फर्मवेअरवाली

नसते! हेच तर यातलं सगळ्यात सुंदर. मेमरीत काहीही लिहिलेलं असो, त्याचा अर्थ तो कोण आणि कशासाठी वाचतो यावर ठरतो.

उदाहरण घ्या. बाइट आहे ०१०००००१. आकडा म्हणून वाचलात तर ६४ अधिक १, म्हणजे ६५. अक्षर म्हणून पडद्याकडे पाठवलात तर आस्की संकेतानुसार इंग्रजी कॅपिटल ‘ए’. आणि इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरने तोच बाइट सूचना म्हणून उचलला तर त्याचा अर्थ ‘सीएक्स रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या आकडा ठेवायच्या छोट्या जागेत) एक मिळव’. बाइट एकच.

प्रोसेसरच्या आत प्रोग्रॅम काउंटर नावाचं एक रजिस्टर असतं, त्यात पुढच्या सूचनेचा पत्ता असतो. प्रोसेसर त्या पत्त्यावर जातो, तिथे जे असेल ते आणतो, सूचना समजून त्याची फोड करतो, अमलात आणतो, तेवढ्यात काउंटर पुढे सरकलेला असतो. फेच, डिकोड, एक्झिक्यूट म्हणून जे पाठ केलंत ते हेच चक्र. काउंटर ज्याच्याकडे बोट दाखवेल ती सूचना. ती सूचना काम करताना जे उचलेल तो डेटा.

यातून केंब्रिजमध्ये एडसॅकवर डेव्हिड व्हीलरने एक अफलातून युक्ती काढली. समजा वर्गमूळ काढायचा प्रोग्रॅमचा तुकडा एकदाच लिहिलाय आणि तो दहा ठिकाणांहून वापरायचाय. काम झाल्यावर परत कुठे जायचं? एडसॅकमध्ये परतीचा पत्ता ठेवायची सोयच नव्हती. व्हीलरने काय करावं? बोलावणारा भाग स्वतःचीच सूचना आकडा म्हणून अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये भरतो आणि त्या तुकड्यावर उडी मारतो. तुकडा सुरुवातीलाच त्या आकड्यात ठरलेली संख्या मिळवून ‘अमुक पत्त्यावर परत जा’ अशी नवी सूचना तयार करतो आणि ती स्वतःच्या शेवटी लिहून ठेवतो. सूचनेची बेरीज! एनिअ‍ॅकच्या केबलींमध्ये हे स्वप्नातही शक्य नव्हतं. आज आपण ज्याला फंक्शन किंवा सबरुटीन म्हणतो त्याचा पाया इथे आहे.

कंपायलरही यामुळेच शक्य झाला. एक प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम आकड्यांच्या रूपात तयार करतो आणि मेमरीत ठेवतो. इंटरनेटवरून अ‍ॅप डाउनलोड होतं तेही याच न्यायाने: येताना डेटा, चालवताना सूचना.

याची दुसरी बाजूही आहे. बफर ओव्हरफ्लो हा हल्ल्याचा प्रकार ऐकला असेल. नाव टाइप करायच्या जागेत कुणी भलतीच लांब मजकूर-माळ घुसवतो, ती ठरलेल्या जागेबाहेर सांडते, परतीचा पत्ता बदलते, आणि प्रोसेसर त्या ‘नावा’लाच सूचना समजून चालवायला लागतो. म्हणून आता प्रोसेसर मेमरीच्या पानांवर (ठरावीक आकाराच्या तुकड्यांवर) ‘इथलं चालवायचं नाही’ अशी खूण ठेवू देतात. तुम्ही विचारलेली खूण ती हीच, फक्त ती प्रत्येक आकड्यावर नसून अख्ख्या पानावर असते आणि बरीच नंतर आली.

उत्तरपत्रिका

मग माझा पण एक प्रश्न. प्रोग्रॅम मेमरीत हवा, तर प्रोग्रॅम मेमरीत आणणारा पहिला प्रोग्रॅम कोण आणतो?

फर्मवेअरवाली

अगदी मोक्याचा प्रश्न. बेबीवर माणसं आणायची. एकेक बिट स्विचने भरायचा. एडसॅकवर टेलिफोन एक्स्चेंजमधले फिरते स्विच लावून ३१ सूचना कायमच्या बसवल्या होत्या, त्यांना इनिशियल ऑर्डर्स म्हणत. बटण दाबलं की त्या मेमरीत उतरायच्या आणि कागदी पट्टीवरून खरा प्रोग्रॅम वाचून घ्यायच्या. रॉम आणि बायोस म्हणून जे पाठ करता त्याचा मूळपुरुष हाच. ८०८६ चालू झाला की पहिली सूचना नेहमी एकाच ठरलेल्या पत्त्यावरून उचलतो, मेमरीच्या कमाल मर्यादेच्या फक्त १६ बाइट अलीकडून. तिथे रॉम बसवलेली असते आणि बहुधा पहिलीच सूचना ‘इथून उडी मार’ अशी.

अवनी, वेळ असेल तर एक गंमत करून बघा, वहीवरच. बेबीला सात सूचना यायच्या आणि अंकगणितात बेरीजच नव्हती. तीन सूचना देते: ‘उणे करून भर’ (पत्त्यावरच्या संख्येचं चिन्ह बदलून अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये), ‘वजा कर’, ‘साठव’. यातून क अधिक ख अशी बेरीज: क उणे करून भर, ख वजा कर, ग मध्ये साठव, ग उणे करून भर. हातात उणे क उणे ख होतं, चिन्ह बदललं, बेरीज मिळाली. आता याच तीन सूचनांनी क वजा ख करून दाखवा.

अवनी_वाचतेय

वहीवर केलं. क उणे करून भर. ग मध्ये साठव. ग उणे करून भर, म्हणजे आता हातात सरळ क आला. ख वजा कर. बरोबर?

फर्मवेअरवाली

एकदम बरोबर, आणि बेबीवर हे असंच करत. आता चौथी सूचना घ्या: ‘हातातली संख्या उणे असेल तर पुढची सूचना ओलांड’. आणि पाचवी, ‘अमुक पत्त्यावर उडी मार’. या पाचांत भागाकार बसतो: वजा करत राहायचं, उणे झालं की थांबायचं, एकदा जास्तीचं वजा झालेलं परत मिळवायचं, बाकी शून्य आहे का बघायचं. लिहून इथे टाका, मी तपासते. २१ जूनच्या त्या १७ सूचनांचा गाभा तोच आहे.